शालेय नाटक : रंगमंचाचे आणि आवाजाचे शब्द मुलांना किती द्यावेत, कसे द्यावेत?

मांडवीकाठ:
नमस्कार मंडळी. पणजीजवळच्या शाळेत मराठी शिकवते. आठवी ते दहावीची मुलं, ३५ मिनिटांची एकांकिका, दिवाळीनंतर स्पर्धा. मुलांच्या हातात द्यायला नाटकाच्या आणि आवाजाच्या प्राथमिक शब्दांची एक यादी हवी आहे. ज्या तयार याद्या मिळतात त्यात साठ-सत्तर शब्द असतात, 'शोकांतिका' आणि 'विंग' एकाच रांगेत. मुलं व्याख्या घडाघडा म्हणतात, पण तालमीत 'जरा डाउन ये' म्हटलं की चौघं चार दिशांना जातात.

तीन प्रश्न आहेत. नेमके कोणते शब्द लागतात? इंग्रजी शब्द ठेवावेत की मराठी? आणि आवाजाचं काय करावं? बरीच मुलं घरी कोकणी बोलतात, नाटक मराठी आहे, आणि सध्या 'मोठ्याने बोल' याशिवाय दुसरी सूचना दिली जात नाही.

विंगेतला:
बाई, यादी बाजूला ठेवा, आधी जमीन आखा. ज्या शब्दावर मुलाला काही करून दाखवता येत नाही तो शब्द तालमीत आणूच नका. शोकांतिका दहावीच्या पेपरात बघू.

मंचाचे नऊ चौकोन करायचे. शाळेचा मंच २४ बाय १६ फूट धरला तर एक चौकोन ८ फूट रुंद आणि सव्वापाच फूट खोल येतो. जमिनीवर खडूने किंवा कागदी चिकटपट्टीने रेषा मारा. प्रेक्षकांकडची ओळ डाउन, मधली सेंटर, मागची अप. अप आणि डाउन का म्हणतात ते एकदा सांगून टाकावं: युरोपातल्या जुन्या नाट्यगृहांत मंच मागे उंच आणि पुढे उतरता असे, मागे जाणारा नट खरोखरच चढ चढायचा. हे ऐकलं की मुलं परत विसरत नाहीत.

डावं-उजवं नेहमी नटाचं. तो प्रेक्षकांकडे तोंड करून उभा असताना त्याच्या उजव्या हाताला जे येतं ते उजवं. दिग्दर्शक खाली समोर बसलेला असतो, त्याचं उजवं नेमकं उलट. तेव्हा मनातल्या मनात उलटवून बोलायची जबाबदारी दिग्दर्शकाची, बारा-चौदा मुलांची नाही. आणि 'खिडकीकडे जा', 'स्टाफरूमच्या बाजूने ये' अशा सूचना पहिल्या दिवसापासून बंद. स्पर्धेच्या सभागृहात ना खिडकी असते ना स्टाफरूम, आणि तिथे मंचतालमीला वेळ जेमतेम मिळतो.

नऊ चौकोन पाठ करून घ्यायचे ते खेळातून. तुम्ही 'अप राइट', 'डाउन लेफ्ट', 'डेड सेंटर' (अगदी मधला चौकोन) असं ओरडायचं आणि मुलांनी पळायचं. पाच मिनिटं, रोज, पहिला आठवडाभर.

मग शरीराच्या चार दिशा: फुल फ्रंट (पूर्ण समोर), क्वार्टर, प्रोफाइल (एका बाजूने दिसणारा), पाठमोरा. क्वार्टर म्हणजे प्रेक्षकांपासून ४५ अंश वळलेलं. दोन पात्रं एकमेकांशी बोलत असली की नवखी मुलं हटकून प्रोफाइलमध्ये उभी राहतात, नाकासमोर नाक. खऱ्या आयुष्यात ते बरोबर, मंचावर अर्धा चेहरा जातो आणि अर्धा आवाज विंगेत जातो. उपाय पायाचा आहे: प्रेक्षकांच्या बाजूचा पाय अर्धं पाऊल मागे घ्या, कंबर आपोआप उघडते. गुडघा टेकायचा तर प्रेक्षकांकडचा टेकायचा. हात दाखवायचा तर मागचा, म्हणजे छातीवरून आडवा येऊन चेहरा झाकत नाही.

मास्किंग म्हणजे एकाने दुसऱ्याला झाकणं. इथे जबाबदारी मागच्याची असते. त्याला पुढच्याच्या खांद्यामुळे प्रेक्षक दिसत नसतील तर तोही प्रेक्षकांना दिसत नाही, त्याने सरकायचं. पुढच्याला मागे वळून बघावं लागलं तर आणखी बिघडतं.

क्रॉस: बोलत असलेला पुढून जातो, गप्प असलेला मागून. अपवाद असतात, पण शाळेत नियमच शिकवा.

साखळीकार:
विंगेतला यांना +१. एक भर. हालचाली संहितेत पेन्सिलनेच लिहायच्या. संवाद उजव्या पानावर, डावं पान कोरं, त्यावर चौकोनाचं नाव आणि बाण. पेनने लिहिलं की मूल ते खोडायला तयार होत नाही आणि बदललेली हालचाल जुनीच करत राहतं.

खर्ज:
आवाजाबद्दल लिहिते. 'मोठ्याने बोल' ही सूचना पहिल्यांदा बंद करा. ती ऐकली की मूल तीन गोष्टी एकदम करतं: पट्टी चढवतं, मान पुढे काढतं आणि गळा आवळतं. आवाज थोडा मोठा होतो, चिरका जास्त होतो, आणि शब्द मात्र कळत नाहीत.

तीन गोष्टी वेगळ्या करून शिकवा. पट्टी म्हणजे आवाज किती वर, किती खाली. मोठेपणा म्हणजे किती जोरात. फेक म्हणजे किती लांब आणि किती स्पष्ट पोचतो. तिन्ही एकमेकांपासून सुट्या आहेत हे मुलांच्या अंगात उतरलं पाहिजे. सराव असा: एकच वाक्य, समजा 'दार उघडं आहे', आधी खालच्या पट्टीत जोरात, मग वरच्या पट्टीत हळू, मग मधल्या पट्टीत हळूच पण हॉलच्या शेवटच्या खुर्चीवर बसलेल्याला ऐकू जाईल असं. शेवटचा प्रकार म्हणजे फेक. तिथे बसलेल्या मुलाने शब्द जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा. 'ऐकू आलं का?' असं विचारू नका. सगळे 'हो' म्हणतात.

फेक तीन ठिकाणांहून येते: श्वास, अनुनाद (आवाजाचं घुमणं), व्यंजनं.

श्वासाचा शब्द दमसास. हात कमरेच्या वर, खालच्या बरगड्यांवर ठेवायचे. श्वास घेताना बरगड्या बाजूला फाकल्या पाहिजेत, खांदे वर जाता कामा नयेत. फुप्फुसांखालचा श्वासपटल नावाचा स्नायू खाली सरकतो म्हणून पोट पुढे येतं. मुलींना पोट आत ओढून उभं राहायची सवय असते, ती तालमीपुरती सोडायला सांगा. मग 'स्स्स' असा एकसारखा आवाज सोडायचा. सुरुवातीला १५ सेकंद, पुढे २०, २५. लांबीपेक्षा एकसारखेपणा महत्त्वाचा. शेवटी 'स्स्स' थरथरायला लागला की तिथेच थांबायचं, पिळून काढायचं नाही. 'बेंबीच्या देठापासून' असं आपण ओरडण्याबद्दल म्हणतो, पण शरीराच्या दृष्टीने जागा अगदी बरोबर सांगितली आहे.

अनुनाद: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल, 'हं' असा गुंजारव. ओठांना आणि नाकाच्या मुळाशी गुदगुल्या झाल्या की बरोबर लागला. तीच गुदगुली धरून 'मा मे मी मो मू'. गुदगुली घशात गेली तर पट्टी एक-दोन स्वर खाली घ्या.

एक स्वस्त उपाय: साधी स्ट्रॉ, पेल्यात दोन-तीन सेंटिमीटर पाणी, स्ट्रॉचं टोक पाण्यात आणि 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे, दोन-तीन मिनिटं. तोंडापुढे अडथळा असल्यामुळे स्वरतंतूंवर वरूनही हवेचा दाब येतो आणि ते एकमेकांवर कमी जोराने आपटतात. तालमीआधी आणि नंतरही करावं. मोठ्या पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १५० वेळा, बायकांचे २००च्या आसपास आणि मुलांचे त्याहून जास्त वेळा मिटतात-उघडतात. २५० धरले तरी सलग मिनिटभर बोलण्यात १५,००० टकरा. गळा आवळून ३५ मिनिटं काढली तर आवाज बसणारच.

नांदीपासून:
चर्चा चांगली चालली आहे, पण आपल्याकडची परिभाषा कुणीच घेतलेली नाही. नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार दिले आहेत: आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा), सात्त्विक (मनोभावांचा). वाचिकाखाली तीन स्थानं (उर, कंठ, शिर), चार वर्ण (उदात्त, अनुदात्त, स्वरित, कंपित), दोन काकू (म्हणजे आवाजाची अर्थ दाखवणारी वळणं), सहा अलंकार (उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत, विलंबित). पट्टी, जोर, गती सगळं यात येतं. मुलांना हे का देऊ नये?

विंगेतला:
कारण ३५ मिनिटांची एकांकिका आहे आणि मुलं आठवीची आहेत.

खर्ज:
विंगेतला, सरसकट उडवू नका. स्थानं उपयोगी आहेत. हात छातीवर ठेवून खालच्या पट्टीत 'हो' म्हटलं की कंप छातीत लागतो, वर गेलं की गालाच्या हाडांत आणि कपाळात. उर आणि शिर हे शब्द मुलांना लगेच कळतात, 'चेस्ट व्हॉइस' कळत नाही. आजोबाचं पात्र उरात, घाबरलेली मुलगी शिरात, अशी वाटणी करता येते. सहा अलंकारांचं पाठांतर मात्र नको.

आणि काकू तर हवेतच. साकांक्ष म्हणजे वाक्य अजून पुरं व्हायचं आहे असा आवाज, निराकांक्ष म्हणजे पुरं झालं असा. नवखी मुलं प्रत्येक ओळीच्या शेवटी निराकांक्ष करतात, म्हणजे आवाज खाली टाकतात. इंग्रजी नाटकात याने जेवढं नुकसान होईल त्याच्या दुप्पट मराठीत होतं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटी येतो. 'मी उद्या तुझ्याबरोबर म्हापशाला येणार नाही' यातलं 'नाही' पडलं की वाक्याचा अर्थ उलटा झाला आणि पुढच्या पात्राचा राग प्रेक्षकांना अनाकलनीय वाटतो. परीक्षकांच्या शेऱ्यांत 'वाक्यं पडतात' असं येतं ते हेच.

सराव: प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द दोनदा म्हणायचा. 'येणार नाही. नाही.' दुसरा पहिल्याइतकाच ठळक आला पाहिजे. दोन दिवसांनी दुसरा मनातल्या मनात म्हणायचा. मोठं वाक्य असेल तर श्वास कुठे घ्यायचा ते पेन्सिलने उभ्या रेघेने दाखवा, आणि ती रेघ क्रियापदाच्या आधी कधीच येऊ देऊ नका.

नांदीपासून:
मान्य. मग स्वगत आणि जनांतिक हे दोन शब्दही घ्या, ते करून दाखवता येतात. स्वगत स्वतःशी, मंचावरच्या कुणालाच ऐकू जात नाही असं मानायचं. जनांतिक म्हणजे मंचावर बाकीचे असताना एकाशीच केलेलं बोलणं. त्रिपताक हात (अनामिका दुमडलेला) आडवा धरून बाकीच्यांना वगळलं असं दाखवायची जुनी रीत आहे. आजच्या नाटकात हाताऐवजी एक पाऊल बाजूला आणि नजर बदलली तरी भागतं.

अंत्रुजी:
कोकणी-मराठीचा प्रश्न राहिला. मुंबई-पुण्याकडच्या शिबिरांतले उच्चारांचे तक्ते इथे जसेच्या तसे लावू नका. त्यातला अर्धा भाग ण-न आणि ळ-ल यांवर असतो. कोकणी बोलणाऱ्या मुलाला ण आणि ळ घरीच मिळालेले असतात.

इथे वेगळ्या जागी अडतं.

पहिली जागा, च-ज-झ. दोन्ही तऱ्हेचे, दाताचे आणि टाळूचे, कोकणीतही आहेत, त्यामुळे आवाज शिकवावा लागत नाही. फक्त मराठीत कुठल्या शब्दात कुठला, एवढं पक्कं करायचं. जोड्या करून द्या. 'चार गुरं' यात टाळूचा, 'गुरांना चारा' यात दाताचा. 'जरा थांब' दाताचा, 'जरा-मरण' टाळूचा. 'जग' टाळूचा, 'जगणं' दाताचा. 'माझा' दाताचा, 'माझी' टाळूचा. संहितेत दाताच्या अक्षराखाली टिंब द्यायची खूण ठरवा.

दुसरी, अनुनासिक. कोकणीतल्या 'बरें', 'म्हजें' या सवयीने मराठीतल्या शेवटच्या स्वरालाही नाक लागतं: 'माझें', 'कसें'. ऐतिहासिक नाटकात खपून जाईल, आजच्या घरात घडणाऱ्या एकांकिकेत खटकतं. नाक चिमटीत धरून वाक्य म्हणायला लावा. चिमटीने आवाज बदलला तर नाकातून हवा जाते आहे. म, न, ण सोडून इतर ठिकाणी बदलता कामा नये.

तिसरी, अ. कोकणीत तो बऱ्याच शब्दांत ओठ गोल करून 'ऑ'कडे झुकतो. 'घर', 'बस', 'मन' हे शब्द आरशासमोर म्हणायचे, ओठ हलले नाहीत पाहिजेत.

चौथी, महाप्राण. काही मुलांच्या बोलण्यात घ, भ, ढ यांतला ह गळतो, 'भात' 'बात' होतो. तळहात तोंडासमोर धरून 'भ' म्हटला की हवेचा झोत लागला पाहिजे.

आणि एक गोष्ट ठासून सांगतो. पात्र गोव्यातलं असेल तर वरचं काहीही पुसू नका. फोंड्याच्या बाजारातला फूलवाला पुणेरी बोलायला लागला तर नाटक मेलं. स्पष्टता वेगळी आणि प्रमाण उच्चार वेगळा. पहिली सगळ्यांना हवी, दुसरा संहिता मागेल तेव्हा.

मांडवीकाठ:
अंत्रुजी, देव बरें करूं. आमच्या एकांकिकेत दोन पात्रं इथली आणि तीन मुंबईहून आलेली आहेत, त्यामुळे हे फारच कामाचं. तालमीतले 'बेअरिंग', 'पॉज', 'ॲडिशन' हे शब्दही कुणी उलगडाल का?

दर्शनीपडदा:
या शब्दांना मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका. तालमीत सगळी मराठी रंगभूमी हेच बोलते.

क्यू म्हणजे ज्यावर आपण काहीतरी करायचं ती खूण: समोरच्याचा शेवटचा शब्द, दार वाजणं, दिवा मंद होणं. पाठांतर करताना मुलं फक्त स्वतःची वाक्यं पाठ करतात, हे सगळ्यात मोठं दुखणं. मग मंचावर समोरचा थांबला की तोंडाकडे बघत राहतात. पाठांतराच्या वहीत आपल्या वाक्याच्या वर समोरच्याचे शेवटचे चार शब्द लिहिलेच पाहिजेत.

वाक्य उचलणं म्हणजे क्यू पडताच लगेच बोलणं. शालेय नाटक रेंगाळतं ते बोलण्याच्या गतीमुळे कमी आणि दोन वाक्यांमधल्या फटींमुळे जास्त. हिशोब करा: ३५ मिनिटांत ३०० वाक्यं धरली आणि प्रत्येकाआधी एक सेकंद वाया गेला तर पाच मिनिटं गेली. वेळेची घंटा वाजते ती इथे. उपाय म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आत श्वास घेऊन ठेवणं. शेवटच्या शब्दावर तोंड उघडं हवं.

याच्या उलट पॉज. पॉज म्हणजे रिकामी जागा नव्हे. त्यात नजर, श्वास किंवा निर्णय बदलतो. मुलाला विचारा, 'या थांब्यात तुला काय सुचलं?' उत्तर नसेल तर तो पॉज काढून टाका. एका प्रवेशात दोन-तीन खरे पॉज पुरतात.

टेम्पो म्हणजे एका प्रवेशाचा वेग. सगळे प्रवेश एकाच वेगाने गेले की प्रेक्षक मोबाइल काढतात.

बेअरिंग म्हणजे पात्राचं धरून ठेवलेलं वागणं: चाल, बसणं, आवाजाचं स्थान, नजर. बेअरिंग सुटतं ते बोलताना कमी, ऐकताना जास्त. वाक्य संपलं की मूल पात्रातून बाहेर पडतं, केस सारखे करतं, पालक कुठे बसले आहेत ते शोधतं. तालमीत एकदा सगळं नाटक फक्त ऐकणाऱ्यांकडे बघत करा.

लाफ्टर आला की थांबायचं, पण गोठायचं नाही. हातातलं काम चालू ठेवायचं, हशा शिगेला जाऊन उतरायला लागला की पुढचं वाक्य जरा चढ्या आवाजात उचलायचं. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलं तर लय मेली, लगेच बोललं तर वाक्य गेलं.

ॲडिशन म्हणजे संहितेत नसलेलं घातलेलं वाक्य. स्पर्धेत बंदी ठेवा. एकाने घातलं की दुसऱ्याचा क्यू जातो.

ब्लँक होणं, म्हणजे ऐनवेळी वाक्य न आठवणं, कुणाच्याही वाट्याला येतं. ठरवून ठेवा की समोरच्याने 'तुला असं म्हणायचं आहे का की...' असं काहीतरी बोलून पुढचा मुद्दा हातात द्यायचा. प्रॉम्प्टर विंगेत असला तर त्याने वाक्याचे पहिले दोन शब्द द्यायचे, पूर्ण वाक्य नाही, आणि पॉज कुठे आहेत ते त्याच्या प्रतीत लाल खुणेने हवेतच. नाहीतर तो पॉजमध्येच ओरडतो.

पेडणेकार:
ॲडिशनबद्दल असहमत. आमच्याकडे दशावतारात लिहिलेली संहिताच नसते. कथानक आणि प्रवेशांचा क्रम ठरतो, संवाद मंचावर सुचतात, आणि तीन-चार तास रंगतात. मुलांना ते का शिकवू नये?

दर्शनीपडदा:
शिकवावं, तालमीत. आठवड्यातला एक दिवस संहितेशिवाय, फक्त प्रसंग सांगून. त्याने समोरच्याचं ऐकायची सवय लागते आणि ब्लँक झाल्यावर सावरायची ताकद येते. पण दशावतारी नटाला आख्यान, पुराण, पदं सगळं वर्षानुवर्षं मुरलेलं असतं आणि संवादिनी-पखवाजवाले त्याला ओळखतात. प्रकाशाचे २० क्यू असलेल्या एकांकिकेत प्रकाशयोजना करणारा ओळीवर डोळा ठेवून बसलेला असतो. तिथे ओळ बदलली की अंधार पडतो.

पेडणेकार:
हे पटलं.

कळफलक:
सभागृहाच्या ध्वनीबद्दल थोडं, कारण तालीम वर्गात होते आणि प्रयोग भलत्याच जागी.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मागची कडक भिंत १७ मीटरवर असेल तर आवाज जाऊन परत यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो आणि मंचावरच्या मुलाला आपलाच प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो. ते गांगरून आणखी जोरात बोलतं, मग प्रतिध्वनी आणखी मोठा. अशा हॉलमध्ये आवाज वाढवायचा नसतो, गती थोडी कमी करायची आणि व्यंजनं टोकदार करायची. दीनानाथ मंगेशकर कलामंदिरासारखं बांधीव सभागृह असेल तर प्रश्न कमी, तिथे जागा जवळजवळ हजार असल्या तरी आवाजाचा विचार करून बांधलं आहे. शाळेचा पत्र्याचा हॉल आणि देवळापुढचा मंडप, दोन्ही कठीण. मंडपात भिंतीच नसल्यामुळे आवाज परत येतच नाही, नटाला वाटतं आपण बोलतच नाही आहोत. चतुर्थीच्या दिवसांत पत्र्यावर पाऊस आला तर माइकही काही करू शकत नाही, प्रवेश थांबवावा.

फूट माइक (मंचाच्या पुढच्या कडेला जमिनीवर ठेवलेले) असतील तर २४ फुटांच्या मंचाला तीन पुरेत. पाच-सहा लावले की एकच आवाज दोन माइकांत किंचित मागेपुढे शिरतो आणि पोकळ ऐकू येतो. प्रत्येकाखाली स्पंजचा तुकडा ठेवा, नाहीतर पावलांचे धक्के संवादापेक्षा मोठे. अंतर दुप्पट झालं की माइकपर्यंत पोचणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणून अप ओळीत महत्त्वाचं वाक्य ठेवू नका. पण माइक आहे म्हणून खाली वाकून माइकशी बोलायचंही नाही. नजर शेवटच्या रांगेच्या थोडी वर.

स्पीकर माइकच्या रेषेच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला. मागे गेले की शिट्टी.

कॉलर माइक मिळाला तर हनुवटीखाली वीतभर. मंगळसूत्र, माळ, जानवं यांच्यापासून लांब. आणि विंगेत गेल्यावरही तो चालू असतो हे मुलांना दहादा सांगा.

कुजबूज हा वेगळा प्रकार आहे, खर्जताई सांगतील.

खर्ज:
मंचावरची कुजबूज ही खरी कुजबूज नसतेच. थोडा स्वर, जास्त हवा आणि भरपूर व्यंजनं. खरीखुरी कुजबूज ताणून लांब पोचवायला गेलं तर उलट घशावर ताण येतो. रंगीत तालमीत शेवटच्या रांगेतून तपासा.

आणि मुलग्यांविषयी. बारा ते पंधरा या वयात आवाज फुटतो, बोलण्याची पट्टी सुमारे एक सप्तक खाली उतरते, तीही एका दिवसात नाही. फुटणाऱ्या आवाजाला किंचाळायची, मोठ्याने हसायची किंवा चढी पदं म्हणायची भूमिका देऊ नका. नाटकात पद असेल तर पट्टी आधी संवादिनीवर ठरवा. मुलींना बहुधा काळी चार-पाच (संवादिनीची चौथी-पाचवी काळी पट्टी), आवाज फुटलेल्या मुलांना काळी एक-दोनच्या आसपास. पदाआधीचं शेवटचं वाक्य त्याच पट्टीच्या षड्जाजवळ (सा) बोललं तर सूर धरायला शोधाशोध होत नाही. दोघांचं द्वंद्वगीत असेल तर पट्टी कुणाची यावर भांडण होतं, तेव्हा गाणं अर्धं अर्धं वाटून द्या.

काळजी एवढीच: दिवसभर थोडं थोडं पाणी. खाकरायचं नाही, त्याऐवजी घोट गिळायचा; खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर घासतात. प्रयोगाआधी दोन तास जड जेवण नको. मैदानावरची आरडाओरड प्रयोगाच्या आठवड्यात बंद. आवाज बसला तर पूर्ण विश्रांती, खडीसाखर चघळून तालीम रेटायची नाही. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांच्या पलीकडे राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे.

मांडवीकाठ:
सगळ्यांचे आभार. वरचं वाचून यादी अशी केली आहे, बघा. मंच: अप, डाउन, सेंटर, राइट, लेफ्ट, विंग, क्वार्टर, प्रोफाइल, क्रॉस, मास्किंग. आवाज: पट्टी, फेक, दमसास, उर, शिर, साकांक्ष, निराकांक्ष. खेळ: क्यू, उचलणं, पॉज, टेम्पो, बेअरिंग, स्वगत, ॲडिशन. एका दिवशी किती द्यावेत?

विंगेतला:
दोन. त्यापेक्षा जास्त दिले की परत व्याख्या सुरू होतील. पहिल्या आठवड्यात मंचाचे दहाही, कारण ते खेळातून जातात. आवाजाचे शब्द वाचनाच्या तालमीत, बसूनच. उभं राहिल्यावर मुलांचं लक्ष पायांकडे जातं. खेळाचे शब्द पाठांतर झाल्याशिवाय काढू नका, हातात वही असताना क्यू उचलणं शिकवता येत नाही. ब्लॅकआउट (दिवे एकदम बंद), फेडआउट (हळूहळू बंद), तिसरी घंटा हे शेवटच्या चार दिवसांत, प्रकाशयोजना करणाऱ्याच्या तोंडून. एक शब्द राहिला, 'फ्रीझ'. शेवटच्या चित्रावर सगळे आहेत तसे स्तब्ध उभे राहतात, आणि कुणीतरी डोळे मिचकावतं. श्वास सोडून फ्रीझ करायचं, भरून नाही. भरलेला श्वास दहा सेकंदांत खांदे हलवतो.

साखळीकार:
ब्लॅकआउटमध्ये मुलं टेबलावर आपटतात त्याचं काय करावं?

विंगेतला:
टेबल, खुर्ची, पायरी यांच्या मागच्या पायांपाशी जमिनीवर रेडियमच्या चिकटपट्टीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे. पुढच्या बाजूला लावू नका, प्रेक्षकांना दिसतात. प्रयोगाआधी मंचावरचे दिवे थोडा वेळ पूर्ण उघडे ठेवून ती पट्टी उजेडात भरून घ्यावी लागते, नाहीतर अंधारात चमकत नाही. आणि ब्लॅकआउट झाल्यावर मुलांनी मनात तीन मोजून मग हलायचं, तेवढ्यात डोळे थोडे सरावतात. कोणी कुठल्या विंगेतून बाहेर जायचं आणि जाताना कुठली वस्तू न्यायची, हे डाव्या पानावर लिहिलेलं असू द्या.